मनातील बेरीज : एक उत्तर, अनेक वाटा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या कारकिर्दीत, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. संस्कृतात पद्यरूपाने लिहिलेल्या या ग्रंथाचे नऊ अधिकार आहेत. १९१२ साली मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला आणि १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती निघाली. समाजातील अनेक घरांना आणि ग्रंथालयांना ही आवृत्ती परिचित आहे. या ग्रंथाचा उल्लेख निघाला की बहुधा त्यातील चमत्कृतिपूर्ण गुणाकार सांगितले जातात. १३९ ला १०९ ने गुणले असता १५१५१ येतात, किंवा १५२२०७ ला ७३ ने गुणले असता आठ वेळा १ हाच अंक येतो. दोन्ही टोकांकडून सारख्याच दिसणाऱ्या अशा संख्यांना आचार्यांनी कंठ्याची, गळ्यातील माळेची उपमा दिली आहे. हे सारे मनोहर आहेच; परंतु या ग्रंथातील एका वेगळ्याच गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. परिकर्मांचा, म्हणजे मूलभूत क्रियांचा, अधिकार सुरू होतो तो गुणाकारापासून. त्यानंतर भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन, घनमूळ आणि मग श्रेढींचे संकलित व व्युत्कलित. दोन संख्यांची साधी बेरीज आणि साधी वजाबाकी यांना तेथे स्थानच नाही. ग्रंथ हाती घेणाऱ्याला एवढे येतच असणार, असे आचार्यांनी गृहीत धरलेले दिसते.

जे सर्वांनाच येते, ते प्रत्येकाला कसे येते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभी एक लहानसा प्रयोग. कागद, पेन आणि मोबाइल बाजूला ठेवून सभागृहातील प्रत्येकाने ४७ आणि ३८ यांची मनातल्या मनात बेरीज करावी. उत्तर ८५. आता शेजारी बसलेल्याला हळूच विचारावे की, हे उत्तर त्याने कसे काढले. कोणी म्हणेल, सात आणि आठ पंधरा, पाचास पाच, हातचा एक. चार आणि तीन सात आणि हातचा एक आठ. ही शाळेची रीत; पाटीवरचे गणित डोळ्यांपुढे उभे करून केलेले. दुसरा म्हणेल, चाळीस आणि तीस सत्तर, वर पंधरा, म्हणजे पंच्याऐंशी. तिसरा ३८ चे ४० करील, सत्त्याऐंशीवर पोहोचेल आणि दोन मागे येईल. चौथा ४७ मध्ये ३ घालून आधी पन्नास पुरे करील व उरलेले ३५ त्यावर ठेवील. एखादा ३८ ची दुप्पट ७६ करून तीत ९ मिळवील. हा शेवटचा प्रकार इतरांना विचित्र वाटेल, पण ज्याला दुपटी पाठ आहेत त्याला तोच सर्वांत सोपा. एकाच घरात वाढलेल्या दोन भावांची रीत निराळी निघते, आणि गंमत अशी की, दोघांनाही आजवर वाटत आलेले असते की सारे जग आपल्यासारखीच बेरीज करते. चष्म्याचा नंबर एकमेकांना विचारला जातो. बेरजेची रीत सहसा कोणी कोणाला विचारत नाही.

शाळेतील रीत उजवीकडून डावीकडे जाते, तर मनातल्या मनात हिशेब करणारे पुष्कळजण डावीकडून, मोठ्या घराकडून आरंभ करतात. यात काही गैर आहे असे वाटण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’मध्ये बेरीज सांगताना स्थानानुसार अंक मिळवावेत, मग ते क्रमाने मिळवा वा उलट क्रमाने, अशी दोन्ही दिशांची मुभा दिली आहे. कागदावर उजवीकडून जाणे सोयीचे आहे, कारण एकदा लिहिलेला अंक मग खोडावा लागत नाही. मनात मात्र परिस्थिती उलटी असते. तेथे लिहून ठेवण्याची सोय नाही. एकक काढून तो लक्षात ठेवायचा, हातचा लक्षात ठेवायचा, मूळच्या दोन्ही संख्याही लक्षात ठेवायच्या, आणि शेवटी उत्तर उलट्या क्रमाने जुळवून बोलायचे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहॅम हिच यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हेच दाखवून दिले की, तोंडी बेरजेतील चुका मोठ्या प्रमाणावर विसरण्यामुळे होतात. मधली उत्तरे जितका वेळ मनात तिष्ठत राहतात, तितकी ती निसटण्याची शक्यता वाढते. म्हणूनच मनातील बेरजेच्या बहुतेक साऱ्या युक्त्यांचे वर्म एकच: मनावरचे ओझे कमी करा. दहा पुरे करा, शंभर पुरे करा, आणि कमी-जास्त शेवटी पाहा.

जुन्या पेढीवरील मुनीम रकान्याची बेरीज कशी करीत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच पटेल. सात, आठ, तीन, सहा, दोन, चार असा उभा रकाना असेल, तर मुनीम ‘सात आणि आठ पंधरा, पंधरा आणि तीन अठरा’ असे म्हणत बसत नसे. बोट खाली सरकत असे आणि ओठांवर फक्त बेरजा येत: सात, पंधरा, अठरा, चोवीस, सव्वीस, तीस. याहून मुरलेला असेल तो तेवढेही करीत नसे. त्याला सात-तीन, आठ-दोन, सहा-चार अशा दहाच्या तीन जोड्या एका दृष्टिक्षेपात दिसत. अडतीच्या दुकानात पोत्यांची वजने बेरजेला घ्यायची झाली, तर आणखी एक सोय होती. वजने ४८, ५३, ५१, ४७, ५२ किलो अशी असतील, तर प्रत्येकी ५० धरून पाच पोत्यांचे २५० धरायचे आणि कमी-जास्त तेवढे मोजायचे. दोन कमी, तीन जास्त, एक जास्त, तीन कमी, दोन जास्त. एकूण एक जास्त, म्हणजे २५१. यात मोठ्या संख्यांची बेरीज करावीच लागत नाही.

आता एका जुन्या पण अत्यंत उद्बोधक परीक्षेकडे वळू या. फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १८९४ साली मोठमोठे हिशेब तोंडी करणाऱ्या व्यक्तींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक जाक इनोदी. १८६७ साली इटलीतील पिडमाँट प्रांतात जन्मलेला हा मुलगा मेंढ्या राखत असे. आकडेमोड तो अक्षरओळखीच्या कितीतरी आधी शिकला. पुढे फ्रान्समध्ये त्याचे जाहीर प्रयोग होऊ लागले आणि १८९२ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याची परीक्षा घेतली. दुसरा पेरिक्लेस दियामंडी, धान्याच्या व्यापारातला ग्रीक गृहस्थ. दोघेही लांबलचक संख्या मनात धरून हिशेब करीत. पण दोघांच्या मनातील व्यवहार एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न होता. इनोदीला आकडे ऐकू येत. त्याच्यापुढे लिहिलेला कागद ठेवला तर त्याला अडचणच होई. आकडे कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे लागत, आणि हिशेब चालू असताना त्याच्या तोंडून पुटपुटणे चाले. बेरीजही तो डावीकडून करी. दियामंडीला मात्र आकडे दिसत. पाच ओळी आणि पाच रकाने असे पंचवीस अंक दोघांनाही पाठ करावयास दिले, तेव्हा सरळ क्रमाने म्हणून दाखवण्यात इनोदी मागे नव्हता. परंतु तेच अंक रकान्यांच्या क्रमाने म्हणा असे सांगितल्यावर दियामंडी पुढे गेला. त्याला चित्र पाहून वाचायचे होते. इनोदीला मात्र ऐकलेली ओळ पुन्हा पुन्हा आठवून तीतून एकेक अंक वेचावा लागत होता.

व्यापारी समाजाला विशेष वाटेल असा भाग याच्या पुढेच आहे. बिने यांनी या दोघांची तुलना पॅरिसमधील ‘बाँ मार्शे’ या मोठ्या वस्तुभांडारातील रोखपालांशी केली. ही साधी नोकरदार माणसे. कित्येक वर्षे दिवसभर किमतींचे हिशेब करण्यात गेलेली. लहान गुणाकारांत उत्तम रोखपाल या जगप्रसिद्ध गणकाहूनही चपळ ठरला! संख्या लांबल्या की मात्र इनोदी पुढे जाई, कारण तेवढे आकडे धरून ठेवण्याची स्मरणशक्ती रोखपालाजवळ नव्हती. ज्याला दैवी देणगी म्हणून लोक तिकीट काढून पाहायला जात होते, तीतील मोठा भाग दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही साधत होता, ही गोष्ट बिने यांच्या काळी जितकी दुर्लक्षित राहिली, तितकीच आजही आहे.

ऐकणारे मन आणि पाहणारे मन यांचा हा भेद साध्या मोजण्यातही दिसतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना तरुणपणी असा छंद लागला होता की, घड्याळाकडे न पाहता मनात साठपर्यंत मोजायचे आणि त्याच वेळी दुसरे कोणते काम करता येते ते पाहायचे. त्यांना असे आढळले की, मोजता मोजता वाचता येते. पण बोलता येत नाही. त्यांनी ही गोष्ट मित्रमंडळींत सांगितली, तेव्हा जॉन ट्यूकी यांनी, जे पुढे मोठे संख्याशास्त्रज्ञ झाले, ती मानण्यास नकार दिला. ट्यूकी मोजताना खुशाल बोलू शकत. मात्र त्यांना वाचता येत नसे. फाइनमन मनात आकडे ‘बोलत’ होते, म्हणून त्यांची वाणी गुंतलेली होती. ट्यूकींच्या डोळ्यांपुढून आकड्यांची पट्टी सरकत असे, म्हणून त्यांचे डोळे गुंतलेले होते.

ही अडचण जपाला बसणाऱ्याने केव्हाच सोडवलेली आहे. मुखाने नवकार मंत्र चालू असताना त्याच मुखाने मोजणे शक्य नाही. तेव्हा मोजणी हातावर सोपवायची. अंगठा एका हाताच्या चार बोटांच्या बारा पेरांवरून फिरतो, बारा पुरे झाले की दुसऱ्या हातावरचा अंगठा एक पेर पुढे सरकतो, आणि तेथे नऊ झाले की १०८ पूर्ण. माळ नसली तरी चुकण्याचा प्रश्न नाही. एका हातावर सुटे आणि दुसऱ्या हातावर बाराचे गट, ही खरे पाहता स्थानमूल्याचीच मांडणी होय; फक्त दहाऐवजी बाराची. ज्या आजीबाई ‘मला कुठे गणित येते’ असे म्हणतात, त्या रोज पहाटे ही मांडणी बिनचूक करीत असतात.

बेरजेची वाट काही अंशी भाषाही आखून देते. मराठीत २९ ला ‘एकोणतीस’ म्हणतात. एकोण म्हणजे एक उणा. नावातच ‘तिसाला एक कमी’ असे सांगितलेले आहे. ज्याला ६४ मध्ये २९ मिळवायचे आहेत त्याने नावाकडे नीट कान दिला तर तो ६४ आणि ३० चौऱ्याण्णव, उणा एक त्र्याण्णव, असेच करील. मराठीने ही शिस्त एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सलग पाळली आहे. हिंदीत ८९ पाशी ती मोडते व नवासी येते. गुजरातीतही तेथे नेव्यासी म्हणतात. नव्व्याण्णवला मात्र मराठीनेही हात टेकले.

हीच भाषा लहान मुलांना अडचणीतही टाकते. ‘त्रेसष्ट’ या शब्दात आधी तीन ऐकू येतात आणि मग साठ. लिहिताना मात्र आधी ६ आणि मग ३. त्यामुळे पहिली-दुसरीतली मुले त्रेसष्टचे ३६ लिहून मोकळी होतात. दक्षिण महाराष्ट्रातील ज्या घरांत कन्नडही बोलली जाते, तेथे हा फरक चटकन कळेल, कारण कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे सरळ वीस-एक असेच म्हणतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला, हे अनेकांना स्मरत असेल. गणित विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी शांतपणे खुलासा केला होता की, जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुलांना गणिताची भीती बसते, ती कमी व्हावी हा हेतू आहे. जुनी नावे रद्द केलेली नाहीत. २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्या वादात टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी एखाद्या सहा-सात वर्षांच्या मुलाशेजारी बसून त्याला त्रेसष्ट लिहिताना पाहिले होते, हा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. जुनी नावे टिकावीत हे खरे, ‘एकोण’सारखे धन त्यांत आहे, पण ज्या मुलाला आधी वीस आणि मग एक असे ऐकल्याने बेरीज उलगडते, त्याला ती वाट बंद का असावी?

आता पाढ्यांविषयी. साठीच्या पुढील श्रोत्यांपैकी काहींना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अजून म्हणता येत असेल. औट म्हणजे साडेतीन. गुजराती घरांत यालाच ऊठां म्हणत. आजच्या विद्यार्थ्याला प्रश्न पडतो की, साडेतीनचा पाढा पाठ करण्याचे कारण काय? त्याचे उत्तर त्या काळच्या मापांत आहे. एका रुपयाचे सोळा आणे, एका शेराचे सोळा छटाक, एका मणाचे चाळीस शेर. या मापांमुळे काही हिशेब आपोआप सुटत. एका शेराला जितके रुपये, एका छटाकाला तितकेच आणे. कारण दोन्हीकडे भाग सोळाच. मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितके आणे. कारण चाळीसचा सोळावा भाग अडीच. मणाचा भाव १२ रुपये असेल तर अडीच शेराचे १२ आणे, हे दुकानदार गिऱ्हाइकाचे वाक्य संपण्यापूर्वी सांगत असे. अडीचकी पाठ असण्याचा उपयोग तो हा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९६२ पासून मेट्रिक वजने सक्तीची झाली आणि या युक्त्यांच्या पायाखालची जमीनच निघून गेली. हिशेब सोपा झाला, यात शंका नाही, आणि ते योग्यच झाले. मात्र पाव, अर्धा, पाऊण या भागांशी असलेली जी जवळीक त्या पाढ्यांनी दिली होती, तिची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही. अपूर्णांकांच्या धड्यापाशी अडखळणारी मुले आज घरोघर आहेत, आणि त्याच घरात पाऊणकी पाठ असलेले आजोबा गप्प बसलेले असतात.

शाळेचे गणित आणि बाजाराचे गणित यांत पडलेली ही दरी केवळ मराठी घरांतली नाही. ब्राझील देशातील रेसिफे शहरात तेरेझिन्या न्यूनिस, डेव्हिड कराहर आणि आनालुसिया श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर फळे व नारळ विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधक आधी गिऱ्हाईक म्हणून गेले आणि खरेदी करता करता हिशेब विचारत राहिले. त्या वेळी मुलांची ९८.२ टक्के उत्तरे बरोबर आली. पुढे त्याच मुलांना तीच आकडेमोड कागदावर, शाळेतल्या पद्धतीने दिली. तेव्हा नुसत्या आकडेमोडीत बरोबर उत्तरांचे प्रमाण ३६.८ टक्क्यांवर आले. एक मुलगा बारा वर्षांचा. नारळ ३५ क्रुझेरोला एक. दहा नारळांचे किती, असे विचारता तो म्हणाला, तिनांचे १०५. आणखी तीन म्हणजे २१०. अजून चार हवेत, ३१५ झाले, म्हणजे ३५०. दहाने गुणताना पुढे शून्य ठेवावे, ही शाळेतली युक्ती त्याने वापरली नाही. तीन नारळांचे १०५ मात्र त्याच्या जिभेवर होते, कारण तीन नारळ तो रोज विकत होता. चार नारळांचे १४० हेही त्याने तोंडी अचूक सांगितले. नंतर कागदावर ३५ गुणिले ४ दिले, तेव्हा त्याचे उत्तर आले २००. चार पंचे वीस, शून्य मांडले, हातचे दोन. ते दोन आधीच तिनात मिळवून पाच केले, आणि चार पंचे वीस. हातचा चुकीच्या वेळी मिळवला गेला. रस्त्यावर ज्याने चार नारळांचे २०० मागितले असते तर स्वतःच हसला असता, त्या मुलाला कागदावरचे २०० खटकले नाहीत. कारण कागदावर नारळ नव्हते, फक्त रीत होती, आणि ती रीत त्याची स्वतःची नव्हती.

चाळीस वर्षांनी, २०२५ साली, ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्तेर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोलकाता व दिल्ली येथील मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. बाजारात काम करणारी मुले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी झरझर करतात, पण तेच गणित शाळेच्या भाषेत आले की अडतात, हे तेथेही दिसले. उलट बाजूही तितकीच बोलकी होती. केवळ शाळेत शिकणारी मुले पुस्तकी उदाहरणे सोडवत होती, पण बाजारातला हिशेब त्यांना जमत नव्हता. ज्या समाजाची मुले शिकून पुढे जातात आणि ज्याच्या मागील पिढ्या बाजारात वाढल्या, त्या समाजाने हे दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

अलीकडे अबॅकसचे वर्ग गावोगावी निघाले आहेत. त्यांविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मणी सरकवायला शिकलेले मूल काही काळाने अबॅकस समोर नसतानाही बोटे हलवत उत्तर काढते, म्हणजे ते दियामंडीप्रमाणे चित्र पाहत असते. गुजरातमधील वडोदरा येथे २०४ शाळकरी मुलांवर तीन वर्षे चाललेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, या मुलांची आकडेमोड नेहमीचा जादा सराव केलेल्या मुलांपेक्षा सुधारली. मात्र स्मरणशक्ती वा एकंदर बुद्धी वाढल्याचे दिसले नाही. शिवाय ज्या मुलांची डोळ्यांपुढे चित्र धरून ठेवण्याची शक्ती मुळात चांगली होती, त्यांना लाभ अधिक झाला. तेव्हा ज्याचे मन इनोदीसारखे ऐकणारे आहे, असे मूल या वर्गात मागे पडले, तर त्याला मंद ठरवण्याची घाई पालकांनी करू नये. त्याला कदाचित आजीजवळ बसून पाढे म्हणण्यातच गती येईल.

येथे शिक्षकांपुढे एक प्रश्न ठेवावासा वाटतो. मुलाने ४७ आणि ३८ यांची बेरीज ८५ लिहिली, पण हातचा मांडला नाही. त्याने मनात ४० मिळवून २ वजा केले. अशा वहीवर लाल रेघ ओढली जाते आणि ‘पायऱ्या दाखव’ असा शेरा मिळतो. पायऱ्या दाखवण्यास सांगणे चूक नाही. परंतु त्याच्या स्वतःच्या पायऱ्या कोणत्या, हे त्याला कोणी विचारत नाही. तो हळूहळू शिकतो की, बरोबर येणारी आपली रीत लपवायची आणि न समजलेली रीत मांडायची. रेसिफेच्या मुलाचे २०० तेथूनच जन्माला येते.

याचा अर्थ कोणी कसाही हिशेब करावा असा मात्र नव्हे. वाटा अनेक असल्या तरी बेरीज एकच येते, आणि ती आली की नाही हे पडताळून पाहण्याची जबाबदारी प्रत्येकावर आहे. पेढीवर रकाना वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा मिळवण्याची पद्धत होती ती याचसाठी. त्याच वाटेने पुन्हा गेल्यास तीच ठेच पुन्हा लागते. दिशा बदलली की शेजारी येणारे अंक बदलतात आणि चूक उघडी पडते. नऊचा ताळा हा दुसरा उपाय. ४७ चे अंक मिळवून ११ आणि पुन्हा २. ३८ चेही ११ आणि २. दोन्ही मिळून ४. उत्तर ८५, त्याचे १३ आणि पुन्हा ४. ताळा जुळला.

पण हा ताळा एका चुकीपुढे आंधळा असतो, आणि दुर्दैवाने पेढीवर ती चूक होत असते. १,३६८ रुपये खतावताना १,६३८ लिहिले गेले, तर अंक तेच राहिल्यामुळे ताळा तोच येतो. दिवाळीच्या तोंडावर तेरीज जुळत नाही आणि रात्री जागवल्या जातात. अशा वेळी जाणते मुनीम प्रथम फरकाकडे पाहत. फरक निम्मा करून तेवढी रक्कम कोठे दिसते का, हे एकदा तपासायचे. फरक १,२५० असेल आणि ६२५ ची नोंद सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडलेली असण्याचा संभव असतो. तसे नसेल तर फरकाला नऊने भागून पाहायचे. निःशेष भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाली असावी, असे समजायचे. वरील उदाहरणात फरक २७० चा येतो. २७० म्हणजे नव्वदाची तिप्पट. तेव्हा वर्षभराची खतावणी चाळण्याचे कारण उरत नाही; शतक आणि दशक या घरांतील अंकांत तीनचा फरक असलेल्या रकमा तेवढ्या शोधायच्या आणि मूळ कीर्दीशी ताडून पाहायच्या.